चंपकमालिनी विहिरीत असताना

ग्रंथ जमवावे लागतात. किस्से आपोआप जमतात. आमच्या ठाण्याच्या वाचनाच्या बैठकीत जी पुस्तके आली ती सगळी एका कोनाड्यात मावतात. पण त्या पुस्तकांभोवती जे घडले ते कोनाड्यात मावेना, म्हणून ते आमच्या तोंडी राहिले. चार माणसे भेटली, सुपारी कातरली गेली, की कोणीतरी म्हणतोच, "बुवा, तो खोकल्याचा सांगा!" तो सांगितला की त्याच्या पाठोपाठ केळ्यांचा येतो, आणि सगळ्यांच्या शेवटी विहिरीचा. आज ओळीने सगळेच सांगतो.

मी पाठशाळेत वाढलेला मनुष्य. काव्य आणि व्याकरण यांवर माझा पिंड पोसलेला. येथल्या शाळेत संस्कृत शिकवतो, आणि कोणी एखादा शब्द सैल टाकला की चालताना पायाखाली खडा यावा तसा थबकतो. अशा मनुष्याने हल्लीच्या अद्भुत कादंबऱ्या, म्हणजे ज्यांत राजपुत्र असतात, भुयारे असतात, तोतये असतात, आणि प्रत्येक पेल्यात विष असते, त्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात, हा योग दाजीसाहेबांनी जुळवून आणला.

दाजीसाहेब कोर्टातले निवृत्त नाझर. समन्स आणि वारंटे बजावण्यात त्यांचे आयुष्य गेले. तलावाजवळ त्यांचे घर आहे आणि घराला ऐसपैस ओटी आहे. मुंबईत छापलेली कादंबरी महिन्याच्या महिन्याला, तुकड्यातुकड्याने, टपालाने त्यांच्याकडे येई. त्यांची नजर मंदावलेली, म्हणून वाचक हवा होता. मला म्हणाले, "बुवा, तुमचा उच्चार स्वच्छ. तुम्ही वाचलंत म्हणजे खून झाला की खून झाला, एवढं तरी नीट कळेल!"

ओटीवर आम्ही पुरुष. आत, माजघराच्या दाराआड, दाजीसाहेबांच्या पत्नी काकू आणि आळीतल्या बायका. अशी आमची मांडणी.

पहिल्याच दिवशी नायिकेचे वर्णन आले. दोन पाने भरून सामासिक शब्द, आणि त्यांतला एकही सरळ उभा नाही. मी पुस्तक मांडीवर ठेवून श्रोत्यांस समजावू लागलो, की कर्त्याने येथे कमळ आधी घेतले असते आणि डोळा मागून, तर रचना निर्दोष झाली असती.

दाराआडून काकूंचा आवाज आला.

"शास्त्रीबुवा, ती मुलगी घोड्यावरून पडत्येय, आणि तुम्ही कमळं कसली वेचताय! आधी तिला सावरा!"

मी सावरले. तेव्हापासून वाचताना भाष्य करीत नाही.

*

काकूंच्या घराण्यात पोथी वाचण्याचा मोठा परिपाठ. त्यामुळे कादंबरीही त्यांनी पोथीसारखीच मांडली. चौरंगावर पुस्तक, पुस्तकावर फूल, शेजारी समई. नायकनायिकेचे लग्न लागले त्या दिवशी लाडू वाटले. यात मला काही वावगे वाटले नाही. ज्या वस्तूने माणसे घटकाभर एकचित्त होतात तिला फूल वाहण्यास हरकत काय?

अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. पोथीचा नेम असा, की अशुभ ठिकाणी ती मिटू नये. मृत्यू, वनवास, शाप असा प्रसंग आला तर वाचणाऱ्याने पुढे वाचीत जावे, आणि काही मंगल हाती लागले म्हणजे मगच थांबावे. आता या मासिक कादंबऱ्यांचा नेम बरोबर उलटा! नायिकेच्या गळ्याशी सुरी आली, की खाली छापलेले असायचे, 'पुढे चालू.'

असा पहिला अंक संपला, मी पुस्तक मिटले आणि उपरणे झटकून उठू लागलो.

"बुवा, बसा," काकू म्हणाल्या.

"काकू, अंक संपला."

"सुरी गळ्याशी आहे."

"ती पुढल्या महिन्यापर्यंत तिथेच राहील."

"तर मग आपणही पुढल्या महिन्यापर्यंत इथेच राहू!"

आतली एकही बाई उठली नाही. दाजीसाहेब माझ्याकडे पाहीनात. त्यांनी तपकिरीची डबी उघडली. मी अंक उलटापालटा केला. शेवटी मलपृष्ठावर प्रकाशकाची एक सूचना सापडली आणि ती मी खणखणीत आवाजात वाचली: "सर्व वर्गणीदारांस नूतन वर्ष सुखाचे, आरोग्याचे व भरभराटीचे जावो!"

आतून समाधानाचा सुस्कारा आला. "असं शुभ बोलून उठावं," काकू म्हणाल्या, आणि बांगड्या वाजल्या.

पुढे दर महिन्याला असे मलपृष्ठ कोठून आणावे? म्हणून शेवटी एक मंगल वाक्य मीच पदरचे घालू लागलो. 'सुरी गळ्याशी होती, परंतु सुरी धरणाऱ्याच्या हाताला कंप सुटला होता,' अशासारखे. कर्त्याने ही वाक्ये ऐकली तर त्यास राग येईल, ही धास्ती मला नेहमी असे.

*

भाऊराव हे आमच्या स्टेशनावरचे तारमास्तर. दिवसभर तारेच्या यंत्रावर टकटक करून त्यांच्या बोलण्याचीही तार झालेली. एखादी कादंबरी संपली, की मी दहा वाक्यांत तिचे गुणदोष सांगे, आणि भाऊराव एका श्वासात आटपत. 'सात दारांचे भुयार' या कादंबरीवर त्यांनी दिलेला अभिप्राय मला अजून पाठ आहे: "नायिका उत्तम. नायक मूर्ख. खलपुरुष फर्स्ट क्लास. भुयार लांब. कळवावे."

"काय कळवावे?" मी विचारले.

"सवय!" ते म्हणाले.

टपालाची पिशवी गाडीतून उतरे ती त्यांच्या डोळ्यांदेखत. एकदा एका कादंबरीचा नवा अंक त्यांनी स्टेशनावरून स्वतःच आणून दिला, आणि वाटेत, न कापलेल्या पानांच्या फटींतून डोकावून, थोडा वाचलाही. वाचला तर वाचला. पण पोटात राहीना!

मी वाचीत होतो. रानात एक संन्यासी येतो, गोड बोलतो, राजकन्येस आशीर्वाद देतो. सगळी ओटी भक्तिभावाने ऐकत होती. इतक्यात भाऊराव खोकले.

संन्यासी म्हणाला, "बाळे, माझ्या आश्रमात चल." भाऊराव दोनदा खोकले.

दाजीसाहेब ताडकन सरळ बसले. "बुवा, थांबा! हा संन्यासी खोटा आहे."

"कशावरून?"

"तारमास्तर खोकतायत त्यावरून!"

झाले! त्या दिवसापासून कादंबरीत कोणीही नवा मनुष्य आला की श्रोते माझ्याकडे न पाहता भाऊरावांच्या घशाकडे पाहू लागले. आणि बिचाऱ्यांना एकदा खरोखरीचे पडसे झाले, त्या महिन्यात एका सज्जन मंत्र्यावर सबंध ठाण्याचा संशय बसला!

*

दाजीसाहेबांचे वाचन कोर्टाचे. नायकाने प्रेमाची शपथ घेतली की ते विचारीत, "साक्षीदार कोण?" सात दारांच्या भुयारात नायक शिरला तेव्हा ते पुटपुटले, "मागे याने किल्ली कमरेला लावली होती. आता गळ्यात आहे. उलटतपासणीत हा टिकायचा नाही!"

परंतु त्याच भुयाराच्या सातव्या दारापाशी नायिकेने आंधळ्या बापाचा हात हाती घेतला आणि 'बाबा, आता मी तुमचे डोळे' असे म्हटले. वाक्य साधे होते. एकही अलंकार नाही, एकही जोडशब्द नाही. मी त्यावर काही क्षण थांबलो. कारण असे वाक्य लिहिण्यास काय लागते हे मला ठाऊक आहे, आणि ते पाठशाळेत शिकवीत नाहीत. वर पाहिले तो दाजीसाहेब पंचाने डोळे टिपताहेत.

"तपकीर गेली," ते म्हणाले.

डबी तर त्यांच्या मागे, खिडकीत, बंद होती. पण नाझरासमोर पुरावा कोण मांडणार?

*

इनास हा खोपटचा. त्याची केळीची बाग आणि भाताची खाचरे तिकडेच. पोर्तुगीजांच्या काळी किरिस्ताव झालेले हे घराणे. रविवारी देवळात, आणि आमच्या वाचनाच्या दिवशी ओटीच्या कडेला, खांबाला पाठ लावून. त्याच्याइतका शांत श्रोता मी पाहिला नाही. फक्त एकदाच त्याने हात वर केला.

"शास्त्रीबाबा, यो राजपुत्र कवाधरनं रानान हिंडतंय?"

"पौर्णिमेपासून," मी पान पाहून सांगितले.

"मंग जेवलं कवा?"

मी मागची पाने चाळली. खरोखर, राजपुत्राने तलवार चालवली होती, विरह सोसला होता, चंद्रास उद्देशून दीड पान भाषणही केले होते, परंतु अन्नाचा कण घेतल्याचा उल्लेख कोठे नव्हता! "कवी लोक जेवणाचे लिहीत नाहीत," असे काहीसे मी म्हणालो. इनासने मान हलवली, पण त्याचे समाधान झाले नाही.

पुढच्या बैठकीला तो केळ्यांचा मोठा घड खांद्यावर घेऊन आला आणि चौरंगासमोर, पुस्तकापुढे, ठेवला.

"हे कुणासाठी रे?" दाजीसाहेबांनी विचारले.

"राजपुत्रासाठी. त्याला लय चालायचंय अजून!"

काकूंनी ती केळी प्रसाद म्हणून वाटली. आणि खरे सांगतो, त्या दिवशी नायकाने सात मारेकऱ्यांशी जी झुंज दिली, तिच्यात मला पूर्वीपेक्षा अधिक जोर वाटला.

*

आता 'चंपकमालिनी'.

या कादंबरीविषयी माझे मत आधी सांगू द्या. भाषा शुद्ध, कोठे कोठे तर मी पेन्सिलीने खूण करावी इतकी शुद्ध. पण नुसत्या शुद्धतेने मनुष्य पुढले पान उलटीत नाही. या कर्त्याजवळ एक विद्या आहे, ती अशी, की तो श्रोत्यास नायिकेच्या शेजारी नेऊन उभा करतो आणि मग दिवा विझवतो. जुन्या काव्यांत नायिकेस विरह होतो, मूर्च्छा येते, सख्या चंदन लावतात; परंतु ती जगेल की नाही ही धाकधूक मला तेथे कधी वाटली नाही. चंपकमालिनीसाठी मी शाळेत रूपे घोकून घेतानाही अस्वस्थ असे.

ही कादंबरी चालू असतानाच दाजीसाहेबांची मुलगी वेणू कल्याणाहून माहेरी बाळंतपणाला आली. वेणू माझ्याजवळच लिहा-वाचायला शिकलेली. आदल्या खेपेस तिचे मूल जन्मून राहिले नव्हते. ती त्याविषयी बोलत नसे, आणि घरातले दुसरे काही बोलत नसत. सगळ्यांनी तिला हसती ठेवावी, चांगले ऐकवावे, असे ठरलेले. आणि तिला काय ऐकायचे होते? तर चंपकमालिनी! जसजसे दिवस गेले तसतसे तिचे डोळे खोल गेले, पण वाचनाच्या दिवशी दाराआडून पहिला प्रश्न तिचाच येई: "बुवा, आला का अंक?"

आठवा अंक आला. त्यात चंपकमालिनीस तिच्या कपटी आत्याने रानातल्या एका कोरड्या विहिरीत ढकलले. खाली काळोख. आणि शेवटची ओळ अशी: 'इतक्यात वरून कोणीतरी विहिरीच्या तोंडावर शिळा सरकविली.' पुढे चालू!

काकू दाराशी आल्या. त्या कधी दाराशी येत नसत.

"बुवा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "असं मिटू नका हं. आज नाही."

मी म्हणालो, "विहिरीत अंधार होता, परंतु चंपकमालिनीचा श्वास चालू होता."

"एवढं तरी बरं," काकू म्हणाल्या.

नववा अंक आला नाही. पुढल्या महिन्यातही आला नाही. भाऊराव रोज टपालाची पिशवी उतरताना उभे राहत आणि संध्याकाळी येऊन नुसती मान हलवीत. वेणूचे जेवण कमी झाले. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितले, "तिच्या मनानं घेतलंय हो. ती मुलगी विहिरीतून निघाली नाही, तर आपलंही काही खरं नाही, असं. तुम्ही दर वेळी एक वाक्य पदरचं घालता ना? मग आता सगळीच गोष्ट पदरची घाला. काढा तिला बाहेर!"

*

मी फार विचारपूर्वक तयारी करून आलो. "रणधीर राजपुत्र घोड्यावरून दौडत विहिरीपाशी आला—"

दाराआडून वेणू म्हणाली, "बुवा, रणधीर त्या दुष्ट कालसेनाच्या तळघरात आहे. त्याच्या पायात बेड्या आहेत. त्या काढल्या कुणी?"

"हरकत मान्य!" दाजीसाहेब म्हणाले.

मी रणधीरास परत तळघरात पाठवले आणि एका तपस्व्यास आणले.

"त्या रानात माणसाची वस्ती नाही, असं तुम्हीच वाचलंत."

"मान्य!"

भाऊराव पुढे सरसावले. "हत्ती. रानटी. सोंडेने शिळा ढकलतो."

"आणि शिळा आत पडली तर, भाऊराव?"

भाऊराव खोकले, पण या वेळी त्यांनाही पुढचे ठाऊक नव्हते.

इनास खांबापासून म्हणाला, "ईर कोरडी हाय नं? तिनं हातानं खनावं. झरा लागंल, पानी भरंल, पोर तरंगत वर येल."

"वर शिळा आहे, इनासदादा."

"मंग टाळकं आपटंल," इनासने कबूल केले.

असे आठवडेच्या आठवडे गेले. आम्ही चार पुरुष विहिरीच्या काठावर, आणि आम्ही सोडलेला प्रत्येक उपाय वेणू आतून कापून टाकी. मी मनात म्हणे, हिला बाहेर काढायची तर इच्छा आहे, मग ही कोणाला काढू का देत नाही? दर वेळी शेवटी तेच एक वाक्य उरे: "विहिरीत अंधार होता, परंतु चंपकमालिनीचा श्वास चालू होता." मग सगळे उठत.

*

एके दिवशी शाळा सुटून येत होतो तो दाजीसाहेब ओटीवर उभे. उपरणे उलटे पांघरलेले. पडवीच्या टोकाच्या खोलीचे दार लागलेले, सुईण आत, काकू आत. इनास केळीची पाने द्यायला आला होता तो तसाच थांबलेला. भाऊराव पाळी संपवून आले.

काकूंनी दार किलकिले केले. "बुवा, काहीतरी मंगल म्हणा. मोठ्यानं म्हणा."

मी खिडकीशी बसून स्तोत्र म्हणू लागलो. उच्चारात माझी कधी चूक होत नाही; त्या दिवशी दोनदा झाली. थोड्या वेळाने दार पुन्हा किलकिले झाले.

"ती म्हणते, स्तोत्र पुरे. विहिरीचं सांगा."

मी दाजीसाहेबांकडे पाहिले. ते म्हणाले, "सांगा हो, सांगा!"

"रणधीराने बेड्या तोडल्या," मी खिडकीतून ओरडून सांगू लागलो. थांबलो. आतून काही नाही. "त्याने घोडा मिळवला." काही नाही. "तो रानात आला, त्याने विहीर ओळखली..."

दाजीसाहेबांनी माझा दंड धरला. "बुवा, ती हरकत का घेत नाही?"

इनासने छातीशी क्रूस केला. मी आवाज चढवून म्हणालो, "त्याने शिळा बाजूला सारली, आणि आत दोर सोडला..."

"दोर नको!"

असा आवाज मी वेणूचा कधी ऐकला नव्हता. सबंध आळीने ऐकला असेल.

"मग... मग रणधीराने काय करावे?" मी विचारले.

"त्याला म्हणावं, बस तिथेच! तिचं ती बघेल!"

दाजीसाहेबांनी माझा दंड सोडला. "हरकत मान्य," ते पुटपुटले. "मान्य, मान्य."

मग आत वेणूचे बोलणे ऐकू येऊ लागले. तुटक, दम लागलेले. ती सांगत होती, सुईण 'हं, मग? हं, मग?' म्हणत होती, काकू मध्येच रडत होत्या. चंपकमालिनी विहीर चढत होती, एवढे नक्की. पण शब्द आम्हाला लागत नव्हते. मी, ज्याला दुसऱ्याचा एक शब्द सुटला तर चैन पडत नाही, तो त्या खिडकीशी कान लावून बसलो होतो, आणि एकही शब्द हाती येत नव्हता.

आणि मग लहान मुलाचे रडणे. अगदी खणखणीत, उच्चार स्वच्छ!

"लाइन क्लिअर!" भाऊराव ओरडले.

दाजीसाहेबांच्या डोळ्यांत पुन्हा तपकीर गेली. या खेपेस डबी कोठे आहे हे कोणी पाहिले नाही.

*

मुलगी झाली. चांगली जगली, बाळसे धरले. आता तुम्ही विचाराल, चंपकमालिनी विहिरीतून निघाली कशी? मला ठाऊक नाही! ते खोलीतल्या बायकांना ठाऊक. बारशाला आळीतल्या बायका जमल्या तेव्हा वेणूने पाळण्याशी बसून सगळे सांगितले म्हणे. आतून कधी चिडीचूप, कधी हसण्याचा लोट. काकूंना मी विचारले तर त्या म्हणाल्या, "बुवा, तुम्ही रणधीरापाशी बसा काठावर!" तेथून ती गोष्ट सासरच्या माणसांबरोबर गाडीत बसून कल्याणास गेली, आणि तिकडे पाणवठ्यावर चालू झाली.

वेणू सासरी जायच्या थोडे आधी, एका संध्याकाळी भाऊराव स्टेशनावरून एका पाहुण्यास घेऊन आले. कृश मनुष्य, कोटाची बटणे खालीवर लागलेली, हाती कागदांचे बासन.

"कल्याणचे. मास्तर. तुमच्याकडे काम," भाऊरावांनी तार दिली.

पाहुण्याने सगळ्यांना नमस्कार केला. "मी... 'चंपकमालिनी'चा कर्ता."

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. इनासने खांब सोडला. दाजीसाहेब सवयीने म्हणाले, "शपथेवर?"

"शपथेवर," तो म्हणाला.

मी त्यांना सांगितले की आपली भाषा शुद्ध आहे, आणि आपण दिवा फार सुरेख विझवता. त्यांचे डोळे भरून आले. मग दाजीसाहेबांनी विचारले, "पण नववा अंक कुठाय? छापखाना बंद पडला का?"

"छापखाना चालू आहे. मीच बंद पडलो." ते जाजमावर, श्रोते बसतात त्या जागी, बसले. "तिला विहिरीत टाकली ती टाकली. शिळा ठेवायला नको होती. दोर सोडून पाहिला, तपस्वी आणून पाहिला..."

"हत्ती?" भाऊरावांनी विचारले.

"हत्तीही! शिळा आत पडते." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आता प्रकाशक म्हणतात, जमत नसेल तर तिला तिथेच मारून टाका, आणि दुसरी कादंबरी घ्या. माझ्यानं ते होत नाही. आणि आमच्या गावात बायका म्हणतात, ठाण्यात ती बाहेर आली! मला लाज वाटते विचारायला, पण खरं आहे का हे? आली?"

आम्ही चौघांनीही माजघराच्या दाराकडे पाहिले. आत पाळण्याची कुरकुर थांबली.

"आली," वेणू म्हणाली.

त्यांनी बासन सोडले, दौत उघडली, कागद गुडघ्यावर घेतला. "बाई, उपकार होतील. तिला बाहेर कुणी काढलं?"

"तिला कुणी काढलं नाही. एवढं आधी लिहून घ्या."

त्यांनी लिहिले. शाई सुकायला वाळू टाकली. मान वर करून विचारले, "लिहिलं. आणि... शिळा?"

"शिळा तुम्हीच ठेवलीत ना?" आतून वेणू म्हणाली, आणि पाळणा पुन्हा कुरकुरू लागला. "मग तिचं तुमचं तुम्ही बघा!"